प्रथिनांची घडी आणि पोत्यावरील आंकडा

सन २०२४ च्या हंगामांत सोयाबीनचा सरकारी हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये असतां बाजारांतील भाव मात्र बहुतेक ठिकाणीं त्याच्या खालींच राहिला, हें वाचकांस निराळें सांगावयास नकोच. अशा पडत्या भावानें माल घालण्यापेक्षां तो घरच्या कोंबड्यांस व जनावरांस घालून त्याचें चीज करावें, असा विचार त्या वेळीं पुष्कळांच्या मनांत आला. आमच्या शेजारच्या गांवीं एक हिशेबी बागाईतदार आहेत. त्यांनीं तो कृतींतही आणला. बाजारच्या तयार खाद्याच्या पोत्यावर 'प्रथिनें शेंकडा २०' असें छापलेलें होतें. सोयाबीनच्या दाण्यांत प्रथिनें शेंकडा ४० च्या आसपास असतात हें त्यांस ठाऊक होतें. तेव्हां मका व सोयाबीन यांचा कच्चा भरडा योग्य प्रमाणांत मिसळून त्यांनीं तोच २० चा आंकडा बरोबर जुळविला आणि तो शंभर पिलांस चालू केला. पिलें भरडा खात, पण वाढत ना. पांच-सहा आठवडे लोटल्यावर तीं उघड उघड खुरटलेलीं दिसूं लागलीं, तेव्हां ते आमच्याकडे येऊन म्हणाले, "अण्णा, आंकडा तोच, दाणा घरचा, भेसळ कसली नाहीं, मग घोडें पेंड कोठें खातें?"

प्रश्न मार्मिक होता. त्याचें उत्तर देण्यास प्रथिन म्हणजे काय, पेशींत तें कसें घडतें व तेथें कोणतें काम करतें, येथपर्यंत जावें लागतें. आणि पेंड, खाद्य व दूध यांशीं ज्यांचा रोजचा संबंध त्या आमच्या शेतकरी बंधूंस ही माहिती उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती येथें देण्याचें योजिलें आहे.

प्रथम तो आंकडा कसा काढतात तें पाहूं. डेन्मार्कांत कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत योहान केल्डाल नांवाचे रसायनशास्त्रज्ञ काम करीत. बीअरच्या कारखान्यास लागणाऱ्या जवांतील नत्र झटपट मोजण्याची त्यांस निकड होती. सन १८८३ मध्यें त्यांनीं आपली रीत प्रसिद्ध केली. पदार्थ तीव्र गंधकाम्लांत उकळावा, त्यांतील नत्राचा अमोनिया करावा आणि तो मोजावा, असें तिचें थोडक्यांत स्वरूप आहे. प्रथिनांत वजनीं शेंकडा १६ च्या सुमारास नत्र असतें. म्हणून निघालेल्या नत्रास ६.२५ नें गुणलें कीं प्रथिनांचा आंकडा मिळतो. आजही पोत्यावर छापलेला आंकडा बहुधा असा नत्र मोजून गुणाकारानेंच काढलेला असतो.

ह्या रीतींत एक मोठें छिद्र आहे. नत्र कोठून आलें हें ती विचारीत नाहीं. आपल्या परिचयाच्या युरियांत शेंकडा ४६ नत्र असतें, त्यास ६.२५ नें गुणल्यास 'प्रथिनें शेंकडा २८७' असें हास्यास्पद उत्तर येतें! एक क्विंटल हलक्या पेंडींत एक किलो युरिया मिसळला तरी तिचा आंकडा जवळजवळ तीन टक्क्यांनीं चढतो, आणि युरियाची किंमत आपणांस ठाऊकच आहे. सन २००८ मध्यें चीन देशांत पाणी घातलेल्या दुधाचा आंकडा भरून काढण्यासाठीं त्यांत मेलॅमिन नांवाचा पदार्थ घालण्यांत आला. मेलॅमिनमध्यें शेंकडा ६६ नत्र असतें, पण तें प्रथिन नव्हे. त्या दुधाच्या भुकटीनें सुमारें तीन लक्ष बालकें आजारी पडलीं व सहा दगावलीं. गुणाकार चुकला नव्हता, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

आमच्या बागाईतदारांच्या भरड्यांत मात्र युरियाही नव्हता व मेलॅमिनही नव्हतें. प्रथिनें खरींच होतीं. तेव्हां आतां प्रथिनाकडेच वळलें पाहिजे.

प्रथिन ही एक लांब साखळी होय. तिचे मणी म्हणजे अमिनो आम्लें. सजीवांच्या प्रथिनांत मुख्यतः वीस जातींचीं अमिनो आम्लें आढळतात. कर्ब, उज्जवायु, प्राणवायु व नत्र हीं मूलद्रव्यें त्या प्रत्येकांत असतात, व दोन जातींत गंधकही असतें. कोणत्या साखळींत किती मणी व कोणत्या क्रमानें ओवावयाचे, हें पेशींतील डीएनएमध्यें लिहून ठेवलेलें असतें, आणि रायबोसोम नांवाच्या अतिसूक्ष्म मागांवर त्या लेखाबरहुकूम साखळी तयार होते. हा क्रम इतका नेमका असेल असें पूर्वीं फारसें कोणास वाटत नसे. इंग्लंडांत केंब्रिज येथें फ्रेडरिक सँगर यांनीं इन्शुलिन ह्या प्रथिनाचे ५१ मणी एकेक करून ओळखले. एका साखळींत २१ व दुसरींत ३०, असा त्यांचा सगळा क्रम त्यांनीं १९५५ पर्यंत लावून दाखविला व १९५८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्यानंतर क्रमाविषयींची शंका उरली नाहीं.

क्रमांतील एक मणी बदलला तर काय होतें, ह्याचें उदाहरण आपल्याच मुलुखांत आहे. रक्तांतील हीमोग्लोबिनच्या एका साखळींत १४६ मणी असतात. तिच्या सहाव्या जागीं ग्लुटामिक आम्लाऐवजीं व्हॅलिन आलें कीं प्राणवायु सोडल्यावर हीं हीमोग्लोबिनें एकमेकांस चिकटून त्यांच्या दोऱ्या बनतात, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. विदर्भांतील व नंदुरबारकडील अनेक आदिवासी कुटुंबांस ग्रासणारा सिकल सेल आजार तो हाच. हा एका मण्याचा फरक व्हर्नन इन्ग्राम यांनीं केंब्रिज येथेंच १९५६-५७ च्या सुमारास शोधून काढला. नत्र मोजून हें हीमोग्लोबिन निरोगी कीं रोगट हें कोणासही सांगतां येणार नाहीं.

परंतु क्रम लागला म्हणजे काम संपलें असें नाहीं. धोतराचें पान नुसतें विणून भागत नाहीं, तें नेसावें लागतें. तसें साखळीस आपल्या ठरलेल्या घडींत बसावें लागतें. मण्यांपैकीं कांहीं तेलकट प्रकृतीचे, पाण्यापासून दूर पळणारे असतात. कांहीं पाण्याशीं सख्य राखणारे. पेशींत चोहोंकडे पाणी. तेव्हां तेलकट मणी आंत दडतात, पाणीप्रेमी मणी बाहेर राहतात, साखळीचे पदर एकमेकांवर येऊन हलक्या बंधांनीं धरले जातात, आणि कांहीं प्रथिनांत गंधकाचे दोन मणी समोरासमोर येऊन पक्की गांठ बसते. अशा घडीमुळें प्रथिनास कोठें खांच, कोठें कंगोरा, कोठें बिजागरी प्राप्त होते. प्रथिनाचें सारें कर्तृत्व ह्या आकारांत असतें. ज्या पदार्थावर त्यानें काम करावयाचें तो पदार्थ त्या खांचेंत कुलपांतील किल्लीप्रमाणें बसला पाहिजे.

ही घडी कोण घालतें? ह्याचें उत्तर ज्या प्रयोगानें मिळालें त्यांत आपला युरियाच कामास आला, ही गंमतीची गोष्ट आहे. अमेरिकेंत क्रिश्चन अन्फिन्सेन यांनीं १२४ मण्यांचें रायबोन्यूक्लिएज नांवाचें प्रथिन घेतलें. अत्यंत दाट अशा युरियाच्या पाण्यांत तें ठेवून व त्याच्या चारही गंधकी गांठी सोडवून त्यांनीं त्याची घडी पार मोडली. प्रथिन निकामी झालें. मग युरिया हळूहळू काढून टाकतांच साखळी आपली आपण पूर्वीच्या घडींत बसली व काम करूं लागली! घडीचा नकाशा मण्यांच्या क्रमांतच दडलेला असतो, असें ह्यावरून सिद्ध झालें, आणि १९७२ सालीं अन्फिन्सेन यांस नोबेल पारितोषिक मिळालें. मात्र प्रत्येक मोडलेली घडी अशी परत बसत नाहीं. अंड्यांतील पांढऱ्या बलकाच्या साखळ्या उष्णतेनें उलगडून एकमेकींत इतक्या गुंततात कीं अंडें थंड झालें तरी बलक पुन्हां पातळ होत नाहीं. उलट दूध उकळलें तरी फाटत नाहीं, कारण त्यांतील मुख्य प्रथिन केसीन ह्यास पक्की अशी घडी जवळजवळ नसतेच. उष्णतेनें मोडण्यासारखें त्याच्यापाशीं थोडेंच असतें. विरजणाच्या आंबटपणानें मात्र केसीनचे कण एकत्र येतात व दही लागतें.

घडीच्या शास्त्रांत एका भारतीयाचें नांव अग्रभागीं आहे. मद्रास विद्यापीठांत जी. एन. रामचंद्रन यांनीं गोपीनाथ कर्ता यांच्यासह कोलॅजेन ह्या प्रथिनाची रचना १९५४-५५ मध्यें उलगडली. कोलॅजेन म्हणजे कातडें, हाड व स्नायुबंध यांस बळकटी देणारें प्रथिन. त्याच्या तीन साखळ्या दोरीच्या तीन पदरांप्रमाणें एकमेकींस पिळलेल्या असतात, व प्रत्येक तिसरा मणी ग्लायसिन हा सर्वांत लहान मणी असतो. कारण पिळाच्या आंत दुसऱ्या कोणास जागाच नाहीं. ज्यांनीं लहानपणीं मोट पाहिली आहे त्यांस त्या पिळाची ताकद सांगावयास नको. पुढें १९६३ सालीं रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनीं साखळीचे मणी कोणत्या कोनांत वळूं शकतात व कोणत्या नाहींत ह्याचा नकाशा दिला. प्रथिनाची रचना नव्यानें ठरविली कीं ती तपासण्यास जगभर आजही तो नकाशा वापरतात.

आतां कामांविषयीं. पेशींतील प्रथिनांचीं कामें सगळीं सांगूं गेल्यास हा अंक पुरणार नाहीं. शेताच्या बांधावरून दिसणारीं एक-दोन सांगतों. पानांत रुबिस्को नांवाचें प्रथिन असतें. हवेंतील कर्बाम्लवायु पकडून त्यास साखरेच्या वाटेस लावणें हें त्याचें काम. हा मजूर मोठा मंद आहे. सेकंदास दोन-चार रेणूंपलीकडे त्याची मजल जात नाहीं. म्हणून झाडें तो फार मोठ्या संख्येनें बाळगतात. पुष्कळ पिकांच्या पानांत विरघळणाऱ्या प्रथिनांपैकीं निम्म्यापर्यंत वांटा एकट्या रुबिस्कोचाच असतो. पिकास नत्र कमी पडलें म्हणजे झाड जुन्या पानांतील हीं प्रथिनें मोडून तें नत्र कोंवळ्या पानांकडे व दाण्यांकडे पाठवितें. पिवळेपणा खालच्या पानांवर आधीं दिसतो तो ह्यामुळेंच. दुसरें, फुलावर आलेलें सोयाबीनचें रोप अलगद उपटून मुळावरील गांठ नखानें फोडून पहावी. आंत तांबूस रंग दिसला तर तो लेगहीमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तांतील हीमोग्लोबिनच्याच घराण्यांतील प्रथिनाचा समजावा. हवेंतील नत्र बांधणारें जें जंतूंचें विकर असतें तें मोकळ्या प्राणवायूनें बिघडतें. म्हणून हें तांबडें प्रथिन प्राणवायु हातीं धरून जंतूंस लागेल तसा बेतानें पुरवितें.

विकर, ज्यास इंग्रजींतून आलेला एन्झाइम हा शब्दही रूढ आहे, तें स्वतः न झिजतां दुसऱ्या पदार्थांचें रूपांतर झपाट्यानें घडवून आणतें. विकरें हीं प्रथिनेंच, हें ज्यांनीं प्रथम दाखविलें त्यांची हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जेम्स सम्नर हे अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत अध्यापक होते. ते डावखोरे, सतराव्या वर्षीं शिकारीच्या अपघातांत नेमका डावाच हात कोपराखालीं गेला. एका हाताच्या माणसानें रसायनशास्त्राच्या वाटेस जाऊं नये असें त्यांस सांगण्यांत आलें होतें. त्यांनीं आपल्याकडील अबईच्या वर्गांतील एका शेंगेचे दाणे घेतले. त्या दाण्यांत युरियाचें अमोनियांत रूपांतर करणारें युरिएज नांवाचें विकर पुष्कळ असतें. नऊ वर्षांच्या खटपटीनंतर १९२६ सालीं त्यांस त्याचे स्वच्छ स्फटिक मिळाले व ते प्रथिनाचे निघाले. जर्मनींतील मोठमोठ्या पंडितांनीं हें कित्येक वर्षें मान्य केलें नाहीं. नोबेल पारितोषिक मिळावयास १९४६ साल उजाडलें.

हें युरिएज आपल्या जमिनींतही आहे. जंतु मेले तरी त्यांचें युरिएज मातीच्या कणांस चिकटून काम करीत राहतें. युरिया ओलसर जमिनीवर नुसता फेंकून ठेविला म्हणजे त्याचा अमोनिया होऊन हवेंत उडून जातो, त्याचें मूळ येथें आहे. म्हणून तो मातीआड करावा किंवा लगेच पाणी द्यावें, असें सांगतात.

आतां बागाईतदारांच्या पिलांकडे येऊं. खाल्लेलें प्रथिन जसेंच्या तसें शरीरांत जात नाहीं. आंतड्यांत ट्रिप्सिन व त्यासारखीं विकरें साखळी तोडून मणी सुटे करतात, आणि त्या मण्यांतून पिलूं आपल्या डीएनएच्या हुकुमाप्रमाणें आपलीं प्रथिनें नव्यानें ओवतें. सोयाबीनच्या कच्च्या दाण्यांत ट्रिप्सिनचा शत्रु असें एक प्रथिन असतें. तें ट्रिप्सिनच्या खांचेंत इतकें घट्ट बसतें कीं, चालत्या चरकांत दगड अडकावा तसें तें विकर जागच्या जागीं थांबतें. झाडानें आपलें बीं किड्यांपासून व जनावरांपासून राखण्यासाठीं ही तजवीज केली असावी. पिलाच्या पोटांत ट्रिप्सिन निकामी होतें. तें भरून काढण्यास स्वादुपिंड अधिकाधिक विकर पाझरूं लागतें व सुजल्यासारखें मोठें होतें. आणि तें विकरही प्रथिनच असल्यामुळें शरीराचें असलेलें भांडवल उलट बाहेर जातें. पिलूं खातें व खंगतें. अमेरिकेंत ऑस्बर्न व मेंडेल यांनीं १९१७ सालींच दाखविलें होतें कीं, कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नाहींत, शिजविलेल्यावर वाढतात. पुढें १९४५ मध्यें मोझेस कुनिट्झ यांनीं हें आडकाठी घालणारें १८१ मण्यांचें प्रथिन स्फटिकरूपानें वेगळें काढलें.

शिजविल्यानें काय होतें हें आतां वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. ओलसर उष्णतेनें त्या प्रथिनाची घडी मोडते. घडी गेली कीं तें ट्रिप्सिनच्या खांचेंत बसूं शकत नाहीं व स्वतःच पचून जातें. शेंकडा ४० चा आंकडा शिजविण्यापूर्वीं जो तोच नंतर. नत्र कोठें गेलें नाहीं. अंगीं लागण्यांत मात्र जमीनअस्मानाचा फरक. उष्णतेचाही अतिरेक करूं नये. दाणे करपून तपकिरी झाले कीं लायसिन हा मोलाचा मणी दाण्यांतील साखरेशीं बांधला जातो व पचनास मिळत नाहीं. केल्डालची रीत तोही प्रथिनांतच मोजते!

शिजविणें सर्व धान्यांस सारखेंच मानवतें असेंही नाहीं. ज्वारीच्या दाण्यांतील काफिरिन नांवाच्या प्रथिनाच्या साखळ्या पाण्यांत शिजतांना गंधकी गांठींनीं एकमेकींत जखडतात आणि तिचें पचन उलट कांहींसें उणावतें. आंबविल्यानें ही अडचण थोडी कमी होते. तेव्हां आंबील करणाऱ्या आमच्या आयाबहिणी शास्त्राच्या पुढेंच होत्या असें म्हणावयास हरकत नाहीं. शिवाय ज्वारींत लायसिन फार थोडें असतें. आपलें शरीर लायसिन स्वतः तयार करूं शकत नाहीं. तें कमी पडलें कीं बाकीचे मणी कितीही असले तरी ओवणी तेथेंच अडते. तुरींत व हरभऱ्यांत लायसिन भरपूर, पण मिथिओनिन हा गंधकाचा मणी कमी. तो ज्वारींत तुलनेनें बरा असतो. भाकरी व वरण एकमेकांचें उणें भरून काढतात. सोयाबीनही मिथिओनिनला उणेंच, म्हणून कोंबड्यांच्या तयार खाद्यांत तें वेगळें घालतात.

गाईम्हशींचा हिशेब निराळा. त्यांच्या पहिल्या पोटांतील जंतु युरियाचें नत्र घेऊनही आपलीं प्रथिनें बनवितात, व पुढें तेच जंतु गाईच्या पचनीं पडतात. ह्यामुळें मोठ्या जनावरास पशुवैद्याच्या सल्ल्यानें मोजका युरिया देतां येतो; कोंबडीस, लहान वासरास व माणसास त्याचा कांहीं उपयोग नाहीं. पण युरिया असलेल्या आंबोणांत कच्च्या सोयाबीनचा भरडा कदापि मिसळूं नये. दाण्यांत युरिएज असतें. युरियाचा एकदम अमोनिया होऊन जनावरास विषबाधा होते.

बागाईतदारांस आम्हीं असें सुचविलें कीं, दाणा रात्रभर भिजवून, तें पाणी टाकून, अर्धा तास चांगला उकळावा व वाळवून मग भरडावा. त्यांनीं विचारलें, "अण्णा, पुरता शिजला हें ओळखावें कसें?" पेंडीचे कारखानदार ह्यासाठीं युरिएजचीच परीक्षा घेतात, कारण तें व ट्रिप्सिनचा शत्रु हीं दोन्हीं साधारण एकाच सुमारास उष्णतेनें मोडतात. घरीं ती अशी करतां येते. पेलाभर पाण्यांत अर्धा चमचा युरिया विरघळवून त्याचे दोन भाग करावेत. एकांत कच्च्या दाण्याचें व दुसऱ्यांत शिजविलेल्या दाण्याचें पीठ अर्धा-अर्धा चमचा घालून हलवावें, पांच मिनिटें थांबावें व तांबडा लिटमस कागद दोहोंत बुडवावा. कच्च्यांत कागद निळा होतो. शिजविलेल्यांतही निळाच झाला तर आंच कमी पडली.

हीच परीक्षा उलटी केली कीं दुधांतील युरिया सांपडतो. दोन चमचे दुधांत सोयाबीनचें किंवा तुरीचें कच्चें पीठ अर्धा चमचा घालून हलवावें, पांच मिनिटांनीं तांबडा लिटमस अर्धा मिनिट बुडवून काढावा. निळा झाल्यास युरिया असावा असें समजावें. अन्नसुरक्षा खातेंही ग्राहकांस ही परीक्षा सुचवितें. पेंड पाण्यांत भिजवून, गाळून, त्या पाण्यावरही ती करून पाहतां येते. मात्र शेजारीं चांगल्या पेंडीचें पाणी तुलनेस ठेवावें, आणि संशय आल्यास नमुना प्रयोगशाळेंत पाठवावा. आमच्या बागाईतदारांनीं लिटमसचें पुडकें तालुक्याच्या औषधी दुकानांतून आणलें. घरच्या सोयाबीनचा दुसरा घाणा उतरला तेव्हां कागद तांबडाच राहिला. मग त्यांनीं कोपऱ्यांत पडलेलीं विकतच्या पेंडीचीं दोन पोतीं पुढें ओढलीं.